मार्च की एप्रिल?

गेल्या महिन्यातली गोष्ट. गुरुवारचा क्लायंट कॉल चक्क वेळेआधी संपला. पलीकडचा डच सहकारी निवांत होता, म्हणून गप्पा सुरू झाल्या. तू मूळचा मुंबईचा ना? हो. मुंबईत कुठे? गिरगाव. (आम्ही ठाण्याला येऊन वीस वर्षं झाली आणि नोकरीमुळे मी पुण्यात असतो, पण कोणी विचारलं की तोंडातून आधी गिरगावच येतं.) त्यावर तो एकदम खुर्चीत सरसावून बसला आणि म्हणाला, "म्हणजे तू निझारगाडाटाच्या शेजारचा!"

मला काही झेपेना. मी दोनदा "कोण?" म्हणून विचारलं. शेवटी त्याने कॅमेऱ्यासमोर एक जाडजूड पुस्तक धरलं. 'आय अ‍ॅम दॅट'. निसर्गदत्त महाराजांशी झालेल्या संभाषणांचं पुस्तक. तो ते गेली सहा वर्षं वाचतोय म्हणे. खेतवाडी दहावी गल्ली हा पत्ता त्याला पाठ होता. मला खेतवाडी म्हटलं की फक्त गणपती आठवतात.

आता मी काही फार देवभोळा माणूस नाही. पण माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर राहिलेल्या, माझ्या भाषेत बोललेल्या माणसाबद्दल एक डच माणूस मला सांगतोय आणि मी मान हलवतोय, हे जरा लागलं. रात्री बाबांना फोन केला.

"बाबा, तुम्हाला निसर्गदत्त महाराज माहितीयेत का?"

"अरे, नाव माहितीये. आमच्या लहानपणी गोरे लोक यायचे ना त्यांच्याकडे. हातात पत्त्याचा कागद घेऊन विचारत फिरायचे. आम्ही पोरं एकदा दोघांना बाराव्या गल्लीत पाठवून आलो होतो."

"का?"

"का म्हणजे? पोरं होतो."

झालं. आमच्या घराण्याचं या विषयातलं योगदान एवढंच. निदान पुढची भरपाई आपण करावी म्हणून मी रात्रीच इंटरनेटवर बसलो आणि सहकाऱ्याला एक ऐटबाज मेल पाठवला: मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी, जन्म मुंबईत, १७ एप्रिल १८९७, त्या दिवशी हनुमान जयंती होती म्हणून नाव मारुती. मृत्यू मुंबईतच, ८ सप्टेंबर १९८१.

सकाळी उत्तर आलं. सभ्य माणूस आहे तो, आधी आभार मानले. मग लिहिलं होतं की माझ्या पुस्तकात तर मार्च लिहिलंय. आणि आडनाव एका ठिकाणी मी 'ब' ने वाचलंय, एका ठिकाणी 'प' ने. तुझी तर ही भाषाच आहे, तर यातलं बरोबर काय?

आता आली का पंचाईत!

त्याचं खरंच होतं. त्या पुस्तकात चरित्राचं जे छोटं टिपण आहे, त्यात प्रामाणिकपणे म्हटलंय की जन्माची नेमकी तारीख ठाऊक नाही. नात्यातली आणि ओळखीतली वडीलधारी माणसं सांगतात, की मार्च १८९७, पौर्णिमा, हनुमान जयंती. दुसरीकडे अनेक ठिकाणी १७ एप्रिल अशी सरळ तारीख मिळते, कसलीही शंका न दाखवता. खुद्द महाराजांना विचारलं तर ते, मी जन्मलोच नाही, असं म्हणायचे. म्हणजे मूळ सोर्सकडूनही काही मदत नाही.

पण यातली एक गोष्ट तपासता येण्यासारखी होती. माणसाचा जन्म कधी झाला ते मी पुण्यात बसून सांगू शकत नाही, पण १८९७ साली पौर्णिमा कधी होती हे नक्की सांगू शकतो. चंद्राला जन्मदाखला लागत नाही.

शनिवारी दुपारी बसलो. बेल्जियन गणिती जाँ मेयस यांची खगोलगणिताची सूत्रं प्रसिद्ध आहेत, त्यातलं पौर्णिमेचं सूत्र घेऊन चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर असं आलं. मार्च १८९७ मधली पौर्णिमा १८ तारखेच्या रात्री उशिरा, म्हणजे १८ आणि १९ च्या मधल्या रात्री पूर्ण होते. ही फाल्गुन पौर्णिमा. होळी! पुढची पौर्णिमा १७ एप्रिलला, आजच्या घड्याळाने दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते. (आजच्या घड्याळाने म्हणायचं कारण, तेव्हा भारतीय प्रमाणवेळ नव्हतीच. मुंबईचं घड्याळ आजच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होतं. टाइमझोनचा त्रास १८९७ मध्येही सुटत नाही.) म्हणजे १७ तारखेला सूर्योदयाला पौर्णिमा चालू आहे. ही चैत्र पौर्णिमा, आपल्याकडची हनुमान जयंती. जुन्या पंचांगांची गणितं वेगळी, काही तासांचा फरक पडू शकतो, पण महिना काही बदलत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. 'मार्च' आणि 'हनुमान जयंती' ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. मार्च खरा असेल तर ती होळी होती. हनुमान जयंती खरी असेल तर तो एप्रिल होता. अर्धशतकभर लोक ते वाक्य वाचतायत, छापतायत, आणि त्यातली गोम कळायला फक्त पंचांग चाळायची गरज होती.

मग वार काढला. १७ एप्रिल १८९७, शनिवार. मारुतीचा वार!

खरं सांगतो, अंगावर काटा आला. हनुमान जयंती, तीही शनिवारची, आणि मुलाचं नाव मारुती. मी लगेच मेल लिहायला घेतला की बघ, सिद्ध झालं. अर्ध्यावर थांबलो. कारण नेमकी हीच चूक मी ऑफिसात ज्युनियर मुलांच्या कोडमध्ये पकडतो.

मी सिद्ध काय केलं होतं? तर १८९७ साली हनुमान जयंती १७ एप्रिलला होती, एवढंच. त्या दिवशी कांबळ्यांकडे मुलगा झाला हे नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, जे मी शनिवारी केलं तेच माझ्या आधी कोणीतरी जुनं पंचांग उघडून केलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे प्रवास असा झाला असेल: नातेवाइकांनी हनुमान जयंती सांगितली, कोणीतरी पंचांगातून तारीख काढली, ती कुठेतरी छापली, मग ती सगळीकडे गेली. आता ती तारीख आणि माझं गणित जुळलं तर त्यात नवल काय? दोन्ही एकाच आठवणीतून निघालेली आहेत. तो दुसरा पुरावा नाहीच, पहिल्याच पुराव्याची दुसरी कॉपी आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर, काढलेली किंमत मूळ नोंदीच्या कॉलममध्ये जाऊन बसली.

त्या एका आठवणीवर तरी किती भार टाकायचा? आपल्याकडे संतांचे जन्म सणावारी पडतात. ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेने श्रावण वद्य अष्टमीचा, म्हणजे कृष्णजन्माचा. समर्थ रामदासांचा रामनवमीचा. आता हनुमान जयंतीला जन्मला म्हणून नाव मारुती ठेवलं, की नाव मारुती होतं म्हणून मागाहून जन्म हनुमान जयंतीला गेला? दोन्ही होऊ शकतं. त्यात काळ कुठला? मुंबईत सप्टेंबर १८९६ ला प्लेग सुरू झाला आणि पुढच्या काही महिन्यांत लोक गठुडी बांधून शहर सोडून पळत होते. अशा वर्षी एका घरगड्याच्या घरी मूल झालं, तर त्याची तारीख कोण कुठे लिहून ठेवणार?

आपण जन्मतारखेची चौकट रिकामी ठेवत नाही हा खरा रोग आहे. फॉर्ममध्ये ती भरणं सक्तीचं असतं म्हणून माणूस काहीतरी भरतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत किती जणांची जन्मतारीख १ जून आहे बघा! शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली ती. त्या सगळ्यांना आपण १ जूनला हॅपी बर्थडे करतो आणि आजी गालात हसते, कारण तिला माहीत असतं. संतांच्या बाबतीत हसायला आजी नसते, एवढाच फरक.

असो. आता नावाकडे येतो, कारण तिथे तर याहून मोठा गोंधळ आहे.

'निसर्गदत्त' हे नाव परदेशी वाचकाला गूढ वाटतं. मराठी माणसाला ते साधं विशेषण आहे. निसर्गदत्त आवाज, निसर्गदत्त देणगी. देवनागरीत हा शब्द शोधून बघा, महाराजांच्या आधी कोकणाचं निसर्गदत्त सौंदर्य समोर येतं. निसर्गाने दिलेला. एवढं साधं नाव, पण रोमन लिपीत गेलं की त्याच्या मधल्या 'अ'चं काय करायचं यावर दोन पक्ष पडतात. काही जण 'निसर्ग'च्या शेवटी 'ए' लिहितात, काही जण लिहीत नाहीत. माझ्या मते लिहिणारे बरोबर आहेत. मराठीत जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दातला शेवटचा 'अ' आपण खरंच उच्चारतो. 'राम' म्हणताना म चा पाय मोडतो, 'निसर्ग' म्हणताना ग चा मोडत नाही. म्हणून 'निसर्गदत्त'ला मधे 'ए' हवा आणि 'महाराज'ला शेवटी नको. पुस्तकावर तसंच छापलंय. कोणीतरी कानाने ऐकून लिहिलंय हे त्यावरून कळतं.

'महाराज' या शब्दाची वेगळीच गंमत. इंग्रजी लिहिणारे त्याला आडनाव समजतात. पुस्तकांच्या यादीत 'महाराज, निसर्गदत्त' अशी नोंद सापडते, जशी 'तेंडुलकर, सचिन' असावी. त्यात त्यांचा दोष तरी काय म्हणा, दक्षिण आफ्रिकेचा केशव महाराज खरोखरच आडनावाने महाराज आहे. पण या हिशेबाने आपले गोंदवलेकर महाराज, गजानन महाराज, गाडगे महाराज सगळे एकाच खानदानातले भाऊ होतात. आपल्याला हसू येतं. यादी वापरणाऱ्याला मात्र माणूस सापडत नाही.

आता आडनाव. कांबळी. माझ्या सहकाऱ्याने 'प' ने वाचलं ते 'कांपली' सरळ चूक आहे. पण 'बी'ने लिहिलेलं जे बरोबर मानलं जातं, त्यातही आपला 'ळ' गेलेलाच आहे. युनिकोडमध्ये ल आणि ळ शेजारी-शेजारी आहेत, ०९३२ आणि ०९३३. एका आकड्याचा फरक. रोमन लिपीत गेलं की तो फरक शून्य होतो, कारण तिथे ळ ला घरच नाही. अक्षराखाली टिंब देऊन तो दाखवायची पद्धत आहे, पण ते टिंब छापखान्यात आणि कीबोर्डवर पहिलं गळतं. तुम्ही म्हणाल, एका टिंबाने काय बिघडतं? बिघडतं. 'कांबळी' म्हटल्याबरोबर मराठी माणसाला कळतं की गडी तळकोकणातला. (विनोद कांबळीची कृपा.) आणि खरंच, मारुतीचं बालपण मालवणजवळच्या कांदळगावात गेलं. वडील शिवरामपंत मुंबईत घरगडी होते, पुढे त्या गावात थोडीफार शेती करू लागले. आज तो भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो, तेव्हा रत्नागिरी होता. कांदळगावातही एक ळ. दोन्ही ळ काढून टाका आणि नाव परदेशी माणसाच्या तोंडी द्या, मग तो माणूस कुठलाच राहत नाही. 'एक भारतीय गुरू' एवढाच उरतो. माझ्या स्वतःच्या आडनावात ळ आहे आणि नोकरीला लागल्यापासून मी त्याच्याशिवाय जगतोय, म्हणून हे मला जरा जास्त टोचत असेल, मान्य.

गुरूंच्या नावाचंही तेच. निसर्गदत्त महाराज १९३३ साली सिद्धरामेश्वर महाराजांकडे गेले, मित्राने ओढून नेलं म्हणून. त्यांचा सहवास जेमतेम तीन वर्षांचा, कारण १९३६ साली सिद्धरामेश्वर वारले. इंग्रजीत हे नाव कधी एकत्र, कधी 'सिद्धा रामेश्वर' असं तोडून लिहिलेलं दिसतं. तोडलं की 'रामेश्वर नावाचे सिद्धपुरुष' असा अर्थ होतो. पण सिद्धरामेश्वर महाराज सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. कुठल्याही सोलापूरकराला विचारा, सिद्धरामेश्वर म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत, बाराव्या शतकातले सिद्धराम. संक्रांतीला त्यांची गड्ड्याची जत्रा भरते. म्हणजे आईबापांनी गावच्या देवाचं नाव ठेवलं होतं. एक स्पेस चुकीच्या जागी पडली आणि सोलापूर पुसलं गेलं.

सगळा दोष इंग्रजीवर टाकून मोकळं होऊ नका हं. या परंपरेला आपण मराठीत इंचगिरी संप्रदाय म्हणतो. उमदीचे भाऊसाहेब महाराज हे सिद्धरामेश्वरांचे गुरू, आणि गुरुदेव रानडे हेही त्यांचेच शिष्य. उमदी सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात, आणि इंचगिरी सीमेपलीकडे कर्नाटकात, पूर्वीच्या विजापूर आणि आताच्या विजयपुरा जिल्ह्यात. कानडीत मात्र त्या गावाचं नाव इंचगेरी आहे. कानडीत 'केरी' म्हणजे वस्ती, गल्ली. गावांच्या नावांत तिचा 'गेरी' होतो. आपण मराठीवाल्यांनी 'गेरी'चा 'गिरी' केला, आणि नसलेला डोंगर उभा राहिला. आता इंग्रजीत दोन्ही रूपं फिरतात आणि लोकांना वाटतं की ही दोन वेगळी ठिकाणं आहेत.

इथपर्यंत मी बाबांना सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "अरे, पण जो माणूस सांगतो की हे नाव, हे शरीर म्हणजे मी नाही, त्याच्या नावातल्या ळ वरून तू शनिवार घालवलास?"

हा प्रश्न मला फार आवडला, आणि खरा मुद्दाही तोच आहे. भक्तमंडळी हेच म्हणतात: महाराजांना तारखांत अडकवू नका. आणि माझ्यासारखे पोथीपुराणापासून लांब असलेले म्हणतात: बुवाबाजीत कसले आलेत तपशील, सोडा. दोघांची वाक्यं वेगळी, पण कृती एकच. दोघंही काहीच लिहून ठेवत नाहीत.

माझं म्हणणं असं की 'मी जन्मलो नाही' हे म्हणायचा हक्क महाराजांचा. ते त्यांच्या शिकवणीतलं उत्तर आहे. चरित्र लिहिणाऱ्याने ते स्वतःच्या आळसाला पांघरूण म्हणून वापरायचं नाही. आणि महाराजांनी स्वतः तरी काय केलं बघा. सिद्धरामेश्वरांची निरूपणं चालायची तेव्हा हा बिडीचा दुकानदार बसून त्यांची टिपणं घ्यायचा. ती टिपणं पुढे पुस्तकरूपाने आली. एका वेळी आठ दुकानं असलेला, बायको-मुलांचा संसार असलेला माणूस, संध्याकाळी गुरूंचे शब्द कागदावर उतरवतोय. नावरूप खोटं म्हणून त्याने वही बंद केली नाही. ती वही नसती तर आज सिद्धरामेश्वर काय म्हणाले यातलं कितीसं उरलं असतं?

दुसरा माणूस तर आपल्याच धंद्यातला. मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेला पोलिश ज्यू, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९३० च्या दशकात बंगलोरच्या सरकारी वीजसाहित्याच्या कारखान्यात नोकरीला म्हणून भारतात आला आणि इथलाच झाला. गांधीजींबरोबर काम केलं, भारतानंद हे नाव घेतलं, रमण महर्षींकडे राहिला. आपल्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानाने १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार दिला, त्या प्रयोगातही त्याचा हात होता. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तो खेतवाडीच्या त्या माळ्यावर जाऊन बसायचा. तिथली मराठी संभाषणं टेपवर घेतली जात, ती त्याने इंग्रजीत आणली, आणि १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनाने पुस्तक काढलं. आजच्या आवृत्तीत १०१ संभाषणं आहेत. माझ्या डच सहकाऱ्याच्या हातात होतं ते हेच. (फ्रीडमन लिहायचं, फ्रिडमन की फ्रायडमन? मराठीत तिन्ही चालतात. म्हणजे आपणही दुसऱ्याच्या नावाचं तेच करतो.)

विचार करा, बोलणारा मराठी, भाषा मराठी, गल्ली गिरगावातली. टेप ऐकून पुस्तक करणारा पोलिश इंजिनिअर. नंतरची पुस्तकं संपादित करणाऱ्या जीन डन आणि रॉबर्ट पॉवेल, दोघं पाश्चात्त्य. रमेश बाळसेकरांसारखे दुभाषे शेजारी बसलेले म्हणून ते शक्य झालं हे खरं, पण लिहून ठेवण्याची निकड वाटली ती लांबून आलेल्यांना. आपण काय करत होतो? आपली पोरं पाहुण्यांना बाराव्या गल्लीत पाठवत होती.

मग करायचं काय? हे काही रॉकेट सायन्स नाही. नाव आधी देवनागरीत लिहा, मूळ माणसाने जसं उच्चारलं तसं, मग रोमनमध्ये जे रूप सर्वात रुळलंय ते एकच ठरवून वापरा आणि बाकीची रूपं 'असंही लिहितात' म्हणून नोंदवा. चुकीचं रूपही पुसू नका, कारण कोणीतरी त्याच रूपाने शोधत येणार आहे. तारीख लिहिताना ती कोणी सांगितली ते लिहा. गणिताने काढली असेल तर तसं सांगा. दोन तारखा असतील तर दोन्ही ठेवा. आणि माहीत नसेल तर जागा रिकामी सोडा. रिकाम्या चौकटीने महाराज लहान होत नाहीत. उलट खोटी खात्री एकदा पकडली गेली की वाचणारा खऱ्या गोष्टींवरही संशय घेतो. माझा सहकारी सहा वर्षांचा वाचक आहे म्हणून त्याने नुसतं विचारलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, यांना साधी तारीख नीट सांगता येत नाही, बाकीचं काय खरं मानायचं?

आणि घाईही आहे. १९८१ साली विशीत असलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. त्या माळ्यावर बसलेले, खाली दुकानातून बिड्या घेतलेले, शेजारच्या चाळीत राहिलेले लोक अजून आहेत. त्यांच्याकडे तत्त्वज्ञान मागू नका, ते पुस्तकात आहे. त्यांना साध्या गोष्टी विचारा. दुकान कुठल्या कोपऱ्यावर होतं? लोक हाक काय मारायचे? मालवणी बोलायचे का? हे कुठल्याही डच वाचकाला विचारता येणार नाही. ते आपल्यालाच जमेल, कारण हाक आपल्या भाषेतली आहे.

रविवारी मी सहकाऱ्याला उत्तर पाठवलं. जन्मतारीख: निश्चित नाही. वर्ष १८९७ असं सांगितलं जातं. कुटुंबातली आठवण हनुमान जयंतीची आहे, ती खरी असेल तर १७ एप्रिल, शनिवार, आणि मग पुस्तकातला मार्च चुकला. आडनाव कांबळी, सोबत ळ म्हणून दाखवणारी छोटी ऑडिओ क्लिप. त्याने परत क्लिप पाठवली. ळ चा ड झाला होता, पण प्रयत्न होता बिचाऱ्याचा.

मग बाबांना फोन करून त्यांची गोरे लोक आणि बारावी गल्लीची आठवण पुन्हा सांगायला लावली आणि टाइप केली. साल विचारलं तर म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर असेल. लिही अठ्ठ्याहत्तर."

"नक्की?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही रे. मी सातवीत होतो की आठवीत, ते आठवत नाही. खात्री नाही असं लिही."

तसंच लिहिलंय.